पत्ती खुली, डबा बंद!

माहीत आहे का? जगातल्या पहिल्या पेटंटवाल्या टी-बॅगमध्ये ना कागद होता, ना प्लास्टिक. होता तो चक्क कापूस! अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात राहणाऱ्या रोबर्टा लॉसन आणि मेरी मॅकलॅरेन या दोघींनी १९०१ साली अर्ज टाकला आणि १९०३ मध्ये पेटंट पदरात पाडून घेतलं. एका कपापुरती पत्ती मावेल अशी सुती जाळीची, शिवलेली छोटीशी पिशवी. अख्खी किटली भरून चहा करायचा आणि उरलेला ओतून द्यायचा, ही नासाडी त्यांना थांबवायची होती. यवतमाळकरांनो, कॉलर ताठ करा. पांढऱ्या सोन्याची आणि चहाची दोस्ती इतकी जुनी आहे!

मग नाव कुणाचं झालं? न्यूयॉर्कच्या थॉमस सुलिव्हनचं. १९०८ च्या सुमारास या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकांना चहाचे नमुने रेशमी पिशव्यांतून पाठवले. पिशवी फोडायची असते हे कुणाला कळलंच नाही, लोकांनी ती तशीच गरम पाण्यात बुडवली, असा किस्सा सांगतात. सॅम्पल गेलं पाण्यात आणि धंदा आला वर!

आता २०१९ मध्ये उडी मारू. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्लास्टिकच्या टी-बॅगा रिकाम्या केल्या, धुतल्या आणि ९५ अंशांच्या पाण्यात सोडल्या. एका पिशवीतून किती कण निघाले? सुमारे ११.६ अब्ज मायक्रोप्लास्टिक आणि वर ३.१ अब्ज नॅनोप्लास्टिक. अब्ज बरं का, हजार नाही, लाख नाही!

"पण आमची तर कागदी असते!" थांबा जरा. कागदी टी-बॅगेसाठी बहुतेक वेळा अबाका नावाच्या झाडाचा धागा लागतो, आणि हे झाड आपल्या केळीच्या कुळातलं आहे. इथवर सगळं झकास. पण त्या कागदाच्या कडा गरम करून चिकटवायच्या, तर त्यात पॉलिप्रॉपिलीनचे तंतू मिसळतात. पिशवी मातीत टाकली की केळीची बहीण कुजून जाते, प्लास्टिकची जाळी मागे राहते.

आणि ती बारकी स्टेपलची पिन? भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, टी-बॅगेला पिन मारायला मनाई केली आहे. दोरा बांधायचा, नाहीतर गाठ मारायची. चहाबरोबर लोखंड प्यायची हौस कुणाला असणार?

मंग खुली पत्तीच घ्या ना, जी!

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. चहाचा मळा एकाही तालुक्यात नाही. तरीही वणीपासून उमरखेडपर्यंत कुठल्याही चौकात उभे राहा, चार पावलांवर उकळत्या चहाचा वास येतोच. ही पत्ती येते कुठून? बरीचशी आसामातून, रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून. टिपेश्वरच्या जंगलातून २०१९ मध्ये निघालेला तो 'वॉकर' वाघ आठवतो? गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पायी गेला आणि साऱ्या देशात हेडलाइन झाला. आपली चहापत्ती रोज त्याच्या तोडीचा प्रवास करते, तिला कुणी कॉलर-आयडी लावत नाही इतकंच!

लूज लीफ टी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो मॉलमधला काचेचा शोकेस आणि घाम फोडणारा प्राइस टॅग. पण आपल्या किराणा दुकानात हे प्रकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मोठा पत्र्याचा डबा, आत खुली पत्ती, बाजूला तराजू. "पाव किलो द्या जी, जाडी न् बारीक मिक्स करून." झालं की लूज टी, शुद्ध वऱ्हाडी ब्लेंड, टेलर-मेड!

जरा हिशेब मांडू. एका कपाला २ ग्रॅम पत्ती धरा. पाव किलोत १२५ कप होतात. हेच १२५ कप टी-बॅगेतून प्यायचे तर १२५ पिशव्या, १२५ दोरे, १२५ लेबलं आणि बऱ्याच ब्रँडांत १२५ छोटी पाकिटं. खुल्या पत्तीला लागते एक पिशवी. घरून डबा नेला तर तीही नाही.

माहीत आहे का, पांढरा, हिरवा, उलाँग आणि काळा, हे सगळे चहा एकाच झाडाचे? कॅमेलिया सायनेन्सिस असं त्याचं नाव. तोडलेल्या पानाला हवा किती लागू दिली यावर रंग ठरतो. लगेच उष्णता दिली की हिरवा, पुरता ऑक्सिडाइज होऊ दिला की काळा. झाड एक, अवतार अनेक!

आणि ती आपली गोल-गोल दाणेदार पत्ती? तिचा जन्म १९३० चा. आसामातल्या आमगुडी बागेत विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसी यंत्र आणलं: पान चिरडा, फाडा, गुंडाळा. दाणे बारीक, म्हणून रंग झटपट उतरतो आणि दूध घातलं तरी चहा दबत नाही. टपरीच्या पातेल्यासाठी सीटीसीला तोड नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पण अख्ख्या पानाची मजा वेगळीच. गरम पाणी पडलं की आक्रसलेलं पान हळूहळू उलगडतं, आणि त्याच पानांतून दुसरा, कधी तिसरा कपही निघतो. एकदा विकत घ्या, दोनदा प्या. बाय वन गेट वन म्हणतात ते हेच!

बाय द वे, अख्ख्या पानाच्या एका ग्रेडचं नाव ऑरेंज पेको. नागपुरी संत्र्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवावं: त्यात संत्र्याचा थेंबसुद्धा नसतो.

खुल्या पत्तीचा सगळ्यात कट्टर फॅन कोण? जॉर्ज ऑर्वेल! बिहारच्या मोतीहारीत जन्मलेल्या या लेखकाने १९४६ मध्ये चांगल्या चहाचे अकरा नियम लिहून काढले. त्यातला एक असा, की पत्ती थेट किटलीत टाकायची. गाळणीची टोपली नको, कापडाची पुरचुंडी नको, पत्तीला मोकळं सोडा. हुकूमशाहीवर लिहिणारा माणूस पत्तीच्याही स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहिला!

याहून भन्नाट पाहिजे? चहा कसा करायचा, यासाठी ब्रिटिश स्टँडर्ड्‌स इन्स्टिट्यूशनने सहा पानी अधिकृत मानक काढलं. त्याबद्दल १९९९ मध्ये त्यांना साहित्याचं इग्नोबेल मिळालं. आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३१०३. १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. आपल्या आयांनी चिमटीच्या मापाने जे साधलं, त्याला साहेबाला सहा पानं लागली.

किचनमधली लॅब

"खुल्या पत्तीत भेसळ असेल तर?" प्रश्न शंभर नंबरी. उत्तर एफएसएसएआयनेच देऊन ठेवलंय. पांढरा टीपकागद किंवा फिल्टर पेपर घ्या, त्यावर चिमूटभर पत्ती पसरा, पाण्याचे थेंब टाकून कागद ओला करा. मग पत्ती काढा, कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. शुद्ध पत्तीचे डाग अगदी फिके असतात. काळपट-तपकिरी रंग पसरला, तर रंग मारलाय समजा. दुसरी टेस्ट अजून सोपी: पत्तीवरून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा कीस असेल तर धावत येऊन चिकटेल. मुलांना सायन्स प्रोजेक्ट, तुम्हाला शांत झोप.

पण दुकानदार पत्ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देत असेल, तर हात जोडून नाही म्हणा. छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात, म्हणून एफएसएसएआयने २०१६ मध्ये याविरुद्ध सूचना काढली आणि २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. वर्तमानपत्र चहाबरोबर वाचायचं, चहाभोवती गुंडाळायचं नाही!

चहाचे शत्रू चार: उजेड, हवा, ओल आणि वास. शेवटचा शत्रू सगळ्यात लबाड. पत्ती वास शोषून घेते. हिंगाच्या डबीशेजारी ठेवली की हिंगाची, मसाल्याच्या डब्यात ठेवली की मसाल्याची. पण हाच दुर्गुण चिनी लोकांनी कॅश केला. चहाच्या पानांत मोगऱ्याच्या जातीची ताजी फुलं मिसळायची, रात्रभर ठेवायची, मग फुलं काढून टाकायची. पान सुगंध पिऊन बसतं. तोच जगप्रसिद्ध जस्मिन टी! तुमच्या अंगणात मोगरा आहे? मग वाट कसली पाहताय? कीटकनाशक न मारलेली फुलं घ्या, बंद डब्यात पत्तीबरोबर एक रात्र ठेवा. सकाळी फुलं बाहेर आणि पत्ती चांगली कोरडी करून पुन्हा डब्यात.

पेटी, बांबू आणि कुलूप

माहीत आहे का, आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात पोचला तेव्हा तो होता फक्त आठ पेट्या? तारीख १० जानेवारी १८३९. त्याआधी १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात अमेरिकनांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या होत्या. इतिहासातली सर्वांत मोठी आणि सर्वांत खारट किटली! त्या पेट्यांत एकही टी-बॅग नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

इंग्लंडात एकेकाळी चहा इतका महाग होता, की त्याच्या डब्याला कुलूप असायचं आणि किल्ली मालकिणीच्या कमरेला.

१८६६ मध्ये चीनच्या फुझोऊहून लंडनकडे शिडाची जहाजं शर्यतीत सुटली. पहिला चहा आणणाऱ्याला जादा भाव! ९९ दिवस समुद्र कापून 'टेपिंग' आणि 'एरियल' ही दोन जहाजं गोदीत लागली, तीही अवघ्या २८ मिनिटांच्या फरकाने. हे असलं फोटो फिनिश क्रिकेटमध्येही विरळा.

चहाची प्लायवूडची रिकामी पेटी टाकून द्यायची नसते. जॉन लेननने शाळेत असताना 'क्वारीमेन' नावाचा बँड काढला, त्यातलं एक वाद्य म्हणजे चहाच्या पेटीला दांडा आणि तार लावून केलेला बास. पुढे याच बँडमधून बीटल्स उभे राहिले. रीयूझ म्हणावं तर असा!

झिरो प्लास्टिकचा खरा चॅम्पियन मात्र चीनचा युन्नान प्रांत. तिथला पुअर चहा दाबून गोल चकत्या करतात. एक चकती ३५७ ग्रॅमची, कागदात गुंडाळलेली. अशा सात चकत्यांची चवड बांबूच्या सालपटात बांधली की अडीच किलोंचं पार्सल तयार. आणि आपल्याच देशात आसामचे सिंगफो लोक पत्ती बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि चुलीवर धुरी देतात. बांबू हेच भांडं आणि बांबू हेच पॅकेट. यवतमाळच्या बाजारात बुरूड कारागिरांची सुपं, टोपल्या, परडे बघताना माझ्या मनात हेच येतं, की इथल्या हातांना बांबूची झाकणाची डबी अवघड ती काय! शिवाय २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून सुटला. शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला आता वनखात्याचा परवाना लागत नाही.

आणि मंगोलिया, सायबेरियात तर चहाच्या विटा चलन म्हणून चालायच्या. खिशात पैसे आणि पैशांचा काढा!

चकचकीत पाकिटाचं पुढे काय होतं?

आता थोडं सिरियस. दुकानात टांगलेली ती चहाच्या पुड्यांची माळ पाहा. छोट्या पुडीची युक्ती नवी नाही. इंग्रजी अमलात चहाची सवय लावायला एक पैशाची पुडी काढली होती. तेव्हा कागद होता. आज आतून चांदीसारखं चमकणारं पाकीट असतं: पॉलिस्टर, धातूचा पातळ थर, पॉलिथिन, सगळं एकजीव चिकटवलेलं. पत्ती त्यात मस्त टिकते, हे मान्यच. पण हे थर पुन्हा वेगळे करणं इतकं जिकिरीचं, की भंगारवाला ते पाकीट हातात घेत नाही. बाटली घेतो, पत्रा घेतो, पुठ्ठा घेतो. पुडी उरते नालीत.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लास्टिकचे कप, चमचे आणि चहा ढवळायच्या काड्याही बाद झाल्या. अनेक थरांच्या पाकिटांवर सरसकट बंदी नाही, पण ती बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. माझं म्हणणं सरळ आहे: कंपनी पाकीट परत नेईल तेव्हा नेईल, पाकीटच कमी घेणं आज आपल्या हातात आहे.

"कंपोस्टेबल" असा हिरवा शिक्का दिसला? छान. पण बारीक अक्षरं वाचा. मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून होणारं पीएलए सहसा औद्योगिक कंपोस्टमध्येच नीट कुजतं, तिथे साधारण ५८ अंश तापमान लागतं. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ च्या घरात जातो आणि आपण हाय-हाय करतो, तरी पीएलएला ते पुरत नाही! घरामागच्या उकिरड्यात ते वर्षानुवर्षं पडून राहू शकतं.

मग बेस्ट पॅकिंग कोणतं? घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. उजेड बंद, हवा बंद, ओल बंद, वास बंद. नुसती कापडी पिशवी पत्तीला ओलीपासून वाचवत नाही, म्हणून पिशवी दुकानापासून घरापर्यंत आणि घरी डबा. आजीच्या रुखवतातला डबा असेल तर सोन्याहून पिवळं!

कापडाचीही चिंता नको. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिम कारखाना आहे, इथली डेनिम परदेशात जाते. घरातली जुनी जीन्स घ्या. तिचा पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवा, दुसऱ्याला नाडी घाला. पाव किलोच्या डब्याची फर्स्ट क्लास पिशवी तयार. दुकानदाराने वळून पाहिलंच पाहिजे!

यवतमाळची दोन बोंडं

आणि आता या लेखातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट. माहीत आहे का, एकच झाड चहाही देतं आणि चहाचं पोतंही? आणि ते तुमच्या शेताच्या धुऱ्यावर उभं आहे?

अंबाडी!

अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, वरून लसणाचं कडकडीत तेल. वऱ्हाडात हे सांगायची गरज नाही. पण लाल अंबाडीला फुलं येऊन गेल्यावर जी लालचुटुक, मांसल बोंडं धरतात, त्यांचं आपण करतो काय? फार तर सरबत, चटणी किंवा जॅम. तिकडे जग या बोंडांवर फिदा आहे. इजिप्तमध्ये ती वाळवून उकळतात आणि म्हणतात करकदे. सेनेगलमध्ये तीच बिसाप, नायजेरियात झोबो, मेक्सिकोत हमायका, कॅरिबियन बेटांवर नाताळच्या मेजवानीत सॉरेल. शहरातल्या कॅफेच्या मेन्यूवर 'हिबिस्कस टी' वाचून ज्याला आपण माना डोलावतो, ती हीच आपली अंबाडी, हिबिस्कस सबदरिफा. नवं नाव घेऊन आलेली गावची पोरगी!

करायचं कसं? दिवाळीच्या मागेपुढे बोंडं भरली की तोडा. मधली बियांची गाठ काढून टाका. लाल पाकळ्या स्वच्छ कापडावर सावलीत वाळवा, मोडल्यावर कुरकुर आवाज येईपर्यंत. मग काचेच्या बरणीत बंद. एका कपाला दोन चमचे, उकळतं पाणी, पाच मिनिटं. माणकासारखा लाल रंग, आंबटगोड चव, सोबत गुळाचा खडा. दूध मात्र चुकूनही घालू नका, आंबटपणाने फाटतं. कॅफिन शून्य, म्हणजे रात्री प्यायलात तरी छताकडे बघत पडायचं काम नाही.

जादू पाहायची? त्या लाल चहात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. रंग निळसर-हिरवट होतो! त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्ल-अल्कली ओळखून रंग बदलतं. शाळेतल्या लिटमस कागदाचीच करामत, पण कपात. (तो कप मात्र प्यायचा नाही, बघायचा.)

डॉक्टरमंडळींनाही हिच्यात रस आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्‌स विद्यापीठात ६५ जणांवर एक चाचणी झाली, २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. काहींना दिवसाला तीन कप हिबिस्कस चहा, सहा आठवडे. त्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी सातेक अंकांनी उतरला. बीपीची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. गोळी आणि अंबाडी दोघी एकाच दिशेला ओढतात.

आणि पोतं? अंबाडीचं खोड पाण्यात भिजत घातलं की त्याचा वाख सुटतो. आपल्या आजोबांनी याच वाखाचे दोर वळले, बैलांचे कासरे केले. व्यापारात त्याला मेस्ता म्हणतात आणि देशाच्या ताग उत्पादनात तो तागाबरोबरच मोजतात. धान्य आणि साखर भरायला तागाच्या पोत्यांची सक्ती करणारा कायदा १९८७ पासून आहे. म्हणजे पाला ताटात, बोंड कपात, वाख पोत्यात. आणखी काय हवं एका झाडाकडून?

कापसाच्या बोंडाने जिल्ह्याला नाव मिळवून दिलं. आता अंबाडीच्या बोंडाकडेही कुणीतरी त्याच नजरेने पाहावं, असं मला मनापासून वाटतं. बचत गटांच्या ताया पापड-लोणच्यात तरबेज आहेतच. वाळवलेली बोंडं, यवतमाळच्या सुताची थैली, वर अंबाडीच्या वाखाची गाठ. चहा इथला, पॅकिंग इथलं आणि कचरा निल!

गवती चहाही विसरायचा नाही. कुंडीत येतो, पाणी कमी मागतो. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या तेलघटकाचा. त्याचं पॅकेजिंग? मुळापासून कपापर्यंत काहीच नाही. कात्री घ्या आणि अंगणात जा.

नदीपलीकडचे गांधीजी

वर्धा नदी ओलांडली की सेवाग्रामचा जिल्हा. चहाप्रेमींनी हा पॅरा धीराने वाचावा. गांधीजींना चहा मुळीच पसंत नव्हता. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी बोट ठेवलं ते चहातल्या टॅनिनवर. कातडं कमावायला वापरतात तेच टॅनिन, ते पोटात कशाला, हा त्यांचा मुद्दा. पत्ती जितका वेळ उकळते तितकं टॅनिन जास्त उतरतं, हे तर खरंच. म्हणून पानांच्या चहाला पातेल्यात रटरटा उकळायचं नसतं. पाणी उकळा, गॅस बंद करा, पत्ती टाका, झाका, तीन मिनिटांनी गाळा.

आता टपरीवर चला. दत्त चौकात "दोन चाय द्या जी" म्हटलं की हातात काय येतं, काचेचा ग्लास की कागदी कप? कागदी कपाच्या आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी त्यात गरम पाणी ओतलं आणि पंधरा मिनिटं ठेवलं. १०० मिलीमध्ये सुमारे २५ हजार मायक्रोप्लास्टिक कण! टी-बॅगेपासून वाचलात आणि कपात सापडलात, असं नको व्हायला. ग्लास मागा. स्वच्छ धुतलेला काचेचा ग्लास हजार वेळा तोंडाला लागतो आणि तरी कचरा होत नाही.

रेकॉर्डप्रेमींसाठी एक खास आकडा. डिसेंबर २०२१ मध्ये गुवाहाटीच्या लिलावात आसामच्या मनोहारी बागेचा सोनेरी कळ्यांचा चहा विकला गेला किलोला ९९,९९९ रुपयांना! २ ग्रॅमच्या हिशेबाने एक कप दोनशे रुपयांचा, दूध-साखर आणि गॅस वेगळा. आर्णी रोडवर तेवढ्यात अख्ख्या दोस्तमंडळींची चहा-पार्टी होते.

गाळणीतला चोथा टाकू नका. नुसत्या पाण्यात उतरवलेल्या पानांचा चोथा थेट कंपोस्टमध्ये घाला. दूध-साखरेचा असेल तर आधी दोन पाण्यांनी धुवा, नाहीतर गुलाबाआधी मुंग्यांची पार्टी होईल. वाळवून मातीत मिसळा. टी-बॅगेचा चोथा वापरायचा तर प्रत्येक पिशवी फाडत बसा. खुल्या पत्तीला हा त्रासच नाही.

आणि शेवटचं माहीत आहे का: संयुक्त राष्ट्रांनी जागतिक चहा दिन कोणता ठरवला? २१ मे! २०१९ मध्ये तसा ठराव झाला. बाकी जगासाठी ही तारीख गोड असेल, पण यवतमाळात त्या दिवशी डांबर वितळत असतं. मग त्या दिवशी कोल्ड ब्रू करा. लिटरभर गार पाण्यात ८ ते १० ग्रॅम अख्ख्या पानांचा चहा, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये. गार पाण्यात टॅनिन कमी उतरतं, म्हणून कडवटपणा जवळजवळ नसतोच आणि साखरेची गरज पडत नाही. सकाळी गाळा, काचेच्या ग्लासात ओता आणि वरून लिंबाची फोड पिळा. लिंबातल्या आम्लाने चहाचा गडद रंग डोळ्यांदेखत फिका, सोनेरी होतो. पिळा, पाहा, प्या!